एका क्लिकचा नकाशा

लाडक्या धाकटीस,

आठवतं, जेवणाच्या टेबलावर आपण नकाशे रंगवायचो आणि शाळेतल्या सिस्टर माझाच वर्गाच्या भिंतीवर लावायच्या?

मी ठीक आहे, गुडघाही बरा आहे. ऑफिसात विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांचे नकाशे आजवर मीच हाताने काढायचे. आता नवी मुलगी कॉम्प्युटरला आकडे देते, आणि न मोजलेल्या विहिरींचा अंदाजसुद्धा रंगीत होऊन पडद्यावर येतो. साहेब म्हणाले, "मॅडम, हिच्याकडून शिकून घ्या."

दुपारभर तिच्या नकाशात चूक शोधली, सापडली नाही. वर विचारते कशी, "मावशी, चहा घेणार?" जीव जळला गं.

आईचा खोकला कसा आहे? पार्सलमधली शाल तिला दे, माझी शाईची पेनं तुझ्या लेकीला. ऑफिसातल्या त्या मुलीचा नकाशाही पाठवतेय, तो दादाला दे. कुणी काढला विचारलं, तर माझं नाव सांग.

तुझीच,
ताई