घर भावजयीला, सायकल भावाला

मी, खाली सही करणारी, मोजणी खात्यातली निवृत्त मोजणीदार, अविवाहित, राहणार याच घरात, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बोटं वळत नाहीत म्हणून रोज थोडं थोडं लिहिलं. अक्षर वाकडं आहे ते सांध्यांमुळे, डोक्यामुळे नव्हे. पुढे कोर्टात हा फरक महत्त्वाचा ठरणार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मी मरण्याइतकी आजारी आहे हे कोणी कबूलच करत नव्हतं.

कलम १. आजार.
वकील म्हणाले, "ताई, मृत्युपत्रात आजार कशाला? मालमत्ता लिहा." मी म्हटलं, माझ्याकडे हाच सगळ्यात जास्त साठला आहे, आधी तोच लिहिते.

जंगलाच्या हद्दीची मोजणी चालू होती. कमरेएवढ्या गवतात साखळी ओढताना गोचीड चावली. गुडघ्यामागे लाल कडं उमटलं, ताप आला. आमचे घरचे डॉक्टर म्हणाले, "किडा चावला असेल, मलम लावा." कडं गेलं, मी मात्र परत धड झाले नाही. जिना चढले की दिवस संपायचा. स्वतः आखलेल्या नकाशावर बोट ठेवून बसायचे आणि कुठली दिशा कुठे ते आठवायचं नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे. लग्न नाही, एकट्या राहता. हे मनाचं आहे." तसं त्यांनी कागदावरही लिहिलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. पुढे गुडघा भोपळ्याएवढा सुजला, तेव्हा सांधेवात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू केली आणि ती वर्षानुवर्षं चालवली.

हा गोचिडीतून येणारा लाइम नावाचा आजार आहे, हे दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं. तोवर फार उशीर झाला होता. दुखणं मुरलं, प्रतिकारशक्ती पहिल्यासारखी झालीच नाही. रस्त्यात कोणी खोकलं तरी त्याचं दुखणं माझ्या घरी मुक्कामाला येतं.

कलम २. घर.
दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी. सगळं माझ्या पगारातून घेतलेलं. हे घर मी धाकट्या भावाच्या बायकोला, म्हणजे माझ्या भावजयीला, तिच्या एकटीच्या नावावर देत आहे. बँकेत औषधांनी जे काही शिल्लक ठेवलं असेल तेही तिचंच. भावाचा यावर काडीचाही हक्क नाही. तिने बोलावलं तर त्याने यावं, चहा प्यावा, जावं.

कारण विचारलं जाईल म्हणून सांगते. ती दारातच बाहेरचे कपडे बदलते, कोपरापर्यंत हात धुते, तोंडाला मास्क बांधते आणि मग माझ्याजवळ बसते. स्वतःला सर्दी झाली की वर येत नाही. खाली फाटकाशी उभी राहून ओरडते, "वन्सं, नाक गळतंय माझं! डबा पायरीवर ठेवलाय, गरम करूनच खा!" सगळी गल्ली हसते. हसू दे.

तिच्या घरात भांडण झालं की माझा भाऊ एकच वाक्य बोलतो, "घर माझं आहे, पटत नसेल तर चालू लाग." ती कुठे चालू लागणार? हल्ली तिच्या छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात. तो म्हणतो, "ताईचं पाहून शिकलीस." हे ऐकलं त्या दिवशी मी लिहायला बसले. आतून कडी लावून निवांत आजारी पडता येईल असं एक दार तिला हवं आहे.

कलम ३. भाऊ.
व्यायामाची सायकल त्याला परत. "घाम गाळ ताई, सगळं पळून जाईल," म्हणत त्यानेच आणली होती. उत्तम स्थितीत आहे. मी तिच्यावर फक्त टॉवेल वाळत घातले.

त्याच्याशी माझं वैर याहून मोठं आहे. एकदा तो शिंकत शिंकत माझ्या घरी आला. मी मास्क पुढे केला तर म्हणाला, "साधी सर्दी आहे गं, किती नाटकं करशील?" मग सोफ्यावर पाय पसरून तासभर गप्पा मारत बसला. त्या सर्दीचा मला न्यूमोनिया झाला आणि नाकात ऑक्सिजनची नळी आली. तेव्हाही नर्सला सांगत होता, "हिला आधीपासून नाटकं करायची सवय आहे." मी त्याला माफ केलेलं नाही. मी गेल्यावर माझ्या वतीने कोणी परस्पर माफ करू नये.

कलम ४. किरकोळ.
साखळी, होकायंत्र, ओळंबा खात्यात नव्याने लागलेल्या मुलींना. गवतात घालायचे उंच बूटही त्यांनाच. मी मागितले तेव्हा साहेबांनी अर्जावर "चैन" असा शेरा मारला होता, नंतर मी माझ्याच पैशाने विकत घेतले. तोवर चावून झालं होतं. हितचिंतकांनी दिलेले सल्ले ज्याचे त्याला परत.

कलम ५. डॉक्टर.
ताईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं भाऊ कोर्टात म्हणणार. नातेवाइकांत सांगून त्याने तयारीही केली आहे. घरच्या डॉक्टरांचा "हे मनाचं आहे" म्हणणारा तो जुना कागद त्याच्या कपाटात आहे. वकील म्हणतात, नवा डॉक्टर कितीही दाखले देऊ दे, तो कागद समोर आला की भावजयीचं घर लटकलं. तो खोडून काढणारा माणूस एकच, ज्याने लिहिला तो. म्हणून त्यांनाच बोलावलं आहे. ज्यांनी माझं शरीर घालवलं त्यांच्यापुढे मन शाबूत असल्याच्या दाखल्यासाठी हात पसरायचा, याची मला चीड येते.

शेवटची भर, डॉक्टर समोर बसलेले असताना.
तिने दडपण आणलं असं कोणी म्हणू नये म्हणून भावजयीला बाहेर पाठवलं आहे. औषधाचे दुकानदार साक्षीला आले आहेत. डॉक्टर म्हातारे झाले. त्यांनी सगळं वाचलं आणि चष्मा पुसत बसले.

"आज मन स्वस्थ आहे, एवढं लिहितो. चालेल ना?"

"भाऊ म्हणेल, आज असेल, आधी नव्हतं. कागद तुमचाच आहे."

"ताई, पहिलं कलम काढा ना. या वयात गावात तोंड दाखवायचंय मला."

"मलाही दाखवायचं होतं, डॉक्टर."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग पेन उघडून बराच वेळ लिहीत राहिले. मी दुकानदारांना विचारलं, "घर पक्कं झालं का?" ते वाचून म्हणाले, "झालं, ताई." मला तेवढंच हवं होतं. डॉक्टरांनी काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, वाचणारही नाही. ते वाक्य मी पायावर उभी होते तेव्हा हवं होतं. आता ते भावजयीच्या कामाचं आहे.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली.
तारीख: डॉक्टरांनी त्यांच्या सहीखाली घातली आहे तीच.
लिहून ठेवणार: सही (वाकडी, पण माझी).

साक्षीदार पहिले, औषधांचे दुकानदार: बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही.

साक्षीदार दुसरे, घरचे डॉक्टर: बाईंनी माझ्यासमोर सही केली. यांचे मन आज स्वस्थ आहे. त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हाही स्वस्थ होते. आजार शरीराचा होता, माझ्या लक्षात आला नाही. कलम १ मी वाचले. ते खरे आहे, तसेच ठेवावे. सही, खाली आजची तारीख.