तिघींना सांगितलेलं खोटं

मंगळवार, १२ तारीख

ताईस,

नमस्कार. तू बरी असशील, असं धरून चालते. मीही बरी आहे. ठमीला सातवा महिना लागला, खालचे दोन दात आलेत, आणि पाळणाघरात दिसेल त्याचा चष्मा ओढते म्हणे. आठ आठवडे तुझा एक फोन घेतला नाही आणि आता हे पत्र कसलं, असं म्हणशील. आधी वाच.

इथे माझ्यावर पाळत आहे. हसू नकोस. एकटीनं मूल वाढवणाऱ्या आयांसाठी म्हणून नर्सबाई, बाळांची डॉक्टरीण आणि पाळणाघरातल्या मावशी अशा तिघींनी मिळून एक गट केलाय. बाळाच्या मनाची काळजी घ्यायची, हे त्यांचं काम. एवढ्याशा पोरीला कसलं आलंय मन? मला वेगळाच वास येतो. गोड बोलून वहीत टिपायचं आणि एक दिवस ठमीला माझ्याकडून काढून घ्यायचं.

नर्सबाई दर सोमवारी घरी येतात. गादीवर बसून ठमीशी खेळतात आणि मधूनच साळसूदपणे विचारतात, तुमची झोप होते ना? त्या यायच्या म्हणजे मी सकाळपासून घर घासते, ठमीला नवं झबलं घालते आणि गाणं म्हणत बसते. एकदा मी डॉक्टरणीला म्हटलेलं वाक्य नर्सबाईंच्या तोंडून जसंच्या तसं आलं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला.

मग मी सापळा लावला. नर्सबाईंना सांगितलं, ठमी झोपेत दचकते. डॉक्टरणीला सांगितलं, भूक मंदावलीय. मावशींना सांगितलं, घरी ती कुणाकडे बघतच नाही. तिन्ही गोष्टी धादांत खोट्या. कुठलं कुठून बाहेर पडतं, ते मला बघायचं होतं. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी.

आठवड्याच्या आत मावशींना सांगितलेलं डॉक्टरणीकडून परत आलं, तेही चिठ्ठीसकट. डोळे ताबडतोब तपासून घ्या. आता खोटं बोलले म्हणावं तर आयतीच सापडते, म्हणून गुमान गेले. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या दोघींनी ठमीचं डोकं धरलं, पापण्या उघडून थेंब घातले. ती इतकी रडली की आवाज बसला तिचा. ताई, ते सगळं माझ्यापायी.

डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे, शांत. तपासून झाल्यावर म्हणाले, "नजर अगदी स्वच्छ आहे. आल्यापासून तुमच्याकडेच बघतेय ती."

मी खिडकीबाहेर बघत होते.

ठमीच्या भुवया तिच्या बापासारख्या आहेत, हनुवटीही. तो गेल्यापासून मी तिला न्हाऊ घालते, भरवते, कपडे बदलते, पण तोंडाकडे बघायचं टाळते. मावशींना जे खोटं सांगितलं, ते माझ्याबद्दल खरं होतं.

काल नर्सबाईंना धरलंच. म्हटलं, तुम्हाला माझं नाव दिलं कुणी? त्यांनी सरळ फाइल उघडून पुढे ठेवली. पहिल्याच ओळीत लिहिलंय, आईच्या मोठ्या बहिणीचा फोन. मला शंका होतीच. त्या दुपारचं मी फक्त तुला सांगितलं होतं. चिडले नसते तर नवल. पण नर्सबाई म्हणाल्या की तू तक्रार केलीच नव्हतीस, बहीण एकटी पडू नये म्हणून काय करू, एवढंच विचारलंस. मूल काढून घेणं हे आमचं काम नाही, असंही म्हणाल्या. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक.

तुलाही मी पुरतं खरं सांगितलं नव्हतं. ठमी रडत होती, मी बाहेरून कडी घालून पाच मिनिटं जिन्यात बसले, असं म्हटलं होतं ना? पाच मिनिटं नव्हती गं. तास उलटून गेला होता. वर आले तेव्हा ती रडत नव्हती. जागी होती, छताकडे बघत पडली होती. मी वाकले तरी तिनं मान वळवली नाही.

शुक्रवारी अकराला त्या तिघी बसणार आहेत, मला बोलावलंय. आईनं आपलं एक माणूस सोबत आणायचं, अशी त्यांची पद्धत आहे. त्या तासाचं मी तिथे सांगणार आहे. पुढे काय होईल याची भीती आहेच. त्यांच्यावर माझा विश्वास नाही, तुझ्यावरही अजून पुरता नाही. तरी ये. मी बोलत असताना ठमीला तू मांडीवर घे आणि तिचं तोंड माझ्याकडे करून बस.

अजून रागावलेली, पण तुझीच,
धाकटी