पहिला नंबर अक्काचा

वालावल,
ता. १६ जानेवारी २०२५

चि. विश्वेश यास,

'चिरंजीव' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, राहू दे. पुढचे आशीर्वाद मात्र या खेपेला लिहीत नाही.

इकडे सर्व ठीक. काजू मोहरावर आली आहे. अक्काचा गुडघा दुखतो आणि तरीही ती रोज देवळापर्यंत चालत जाते. पत्र टपालाने पाठवते आहे, कारण फोनवर तू मला अडवून ठेवलं आहेस. बहिणीला अडवायला एक बटण पुरतं. आता पोस्टमनला अडवून दाखव.

२६ तारखेला ग्रामसभा आहे. खाडीकाठची वाट त्या रिसॉर्टवाल्यांना कुंपण घालायला द्यायची की नाही, याचा ठराव आहे. त्या वाटेने बायका खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या काढायला उतरतात. आपली आईही तिथूनच उतरायची. मी विरोधात बोलणार, हे तुला सांगायला नको.

पण महिन्याभरापासून गावाच्या ऑनलाइन पानावर नवीच माणसं उगवली आहेत. नावं आपल्याकडची, भाषा मालवणी, रिसॉर्टचं कौतुक आणि मला शिव्या. 'ह्या बायेक भाषणा व्हयी, गावाचा भला नको.' यातली सभ्य तेवढी लिहिली. बाजारात हरिश्चंद्राने मला चारचौघांत अडवलं. तो आता पंचायतीचा सदस्य आहे, मिशीलाही तेल लावतो. फोनवरचं ते पान दाखवत म्हणाला, "विनीताताय, तुमी भाषणा करा. हडे चारशे माणसा तुमच्या विरोधात आसत."

मी म्हटलं, "मतदानाक तरी इतकी माणसा येतत काय रे? ह्या चारशातलो एक तरी माका हाताक धरून दाखव."

लोक हसले. पण घरी जाताना मी हसत नव्हते. खोट्याशी लढता येतं, विश्वेश. ज्याला तोंडच नाही त्याच्याशी कसं लढायचं? दशावतारात माणूस रात्री राजा होतो आणि पहाटे रंग पुसून गोठ्यात जातो. या सोंगांना रंग पुसायला चेहरा नाही, जायला गोठा नाही.

ती कुठून आली ते मला अक्कामुळे कळलं.

मागच्या आठवड्यात ती फोन घेऊन माझ्यासमोर बसली. "गो विने, ही इतकी माणसा माका वळाखतत कशी?" 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून तिच्या फोनवर चेहऱ्यांची रांग लागली होती. मला शिव्या घालणारे तेच, एकूणएक. आणि प्रत्येकाखाली लिहिलं होतं की या व्यक्तीच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे.

अक्काचा नंबर असतो कोणाकडे? दूधवाला, गॅसवाला, मी आणि तू.

मला तुझं ते वर्ष आठवलं. तू घरून काम करायचास आणि माळ्यावर ते मोठं यंत्र आणून ठेवलं होतंस. अँड्रॉइडचा सगळा सोर्स, म्हणजे फोन ज्यावर चालतो तो मूळ कोड, उतरवायला आपल्या इंटरनेटवर आठवडा गेला. मग बिल्ड, म्हणजे त्या कोडातून चालता फोन घडवणं. दिवसभर पंखा घोंघावायचा, संध्याकाळी चूक दाखवणारी एक तांबडी ओळ यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, बाजारात फोन मिळतात, मग हा कशाला घडवतोस? तू फणस फोडत बसला होतास. म्हणालास, "ताय, ह्यो बघ. साल एकच, गरे येगळे. एका यंत्रात असे गरे करूचे. दर गऱ्यात एक अख्खो फोन. एकाचा दुसऱ्याक कळूचा नाय." कंटेनर म्हणजे काय ते मला त्या फणसाने शिकवलं.

आणि ते फोन कोणासाठी होते? गावातल्या मुलींसाठी. घरात एकच फोन, आणि तो बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. वाचनालयातल्या एका यंत्रावर प्रत्येक मुलीचा स्वतःचा फोन, स्वतःचं कुलूप, स्वतःची भाषा. पडद्यावरचे मालवणी शब्द मी लिहिले. सारिकाने तिथूनच नर्सिंगचा अर्ज भरला, आणि तिला प्रवेश मिळाल्यावरच तिच्या बापाला कळलं. मी आयुष्यभर केलेल्या भाषणांनी जे झालं नाही, ते तुझ्या त्या गऱ्यांनी केलं होतं. हे मी सभांतून सांगत फिरले. माझा भाऊ म्हणून सांगत फिरले.

पहिला फोन सुरू झाला त्या दिवशी तू जिन्यावरून ओरडलास, "अक्का, तुझो नंबर घातलंय! आता ह्यो फोन आपल्या घरचो झालो!" नवीन फोन आला की पहिला नंबर अक्काचा, हा आपल्या घरचा रिवाज. तू तो सोर्समध्येच घातलास, म्हणजे जन्माला येणारा प्रत्येक फोन तो नंबर घेऊनच येणार.

येतोय तसाच. तू पुण्याला गेलास, ते बिल्ड तिथल्या तुझ्या कंपनीत नेलंस, आणि आता एकेका यंत्रात शेकडो फोन भरून ते भाड्याने दिले जातात: ज्याला गर्दी हवी त्याला गर्दी, ज्याला शिव्या हव्यात त्याला शिव्या. वाचनालयातलं यंत्र मात्र बंद पडलंय. त्याला बघायला तुला वेळ नाही. मुलींचे फोन गेले आणि भाडोत्र्यांचे सुरू झाले.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. 'ताई, मी फक्त बिल्ड करतो. त्यावर कोण काय चालवतं ते माझ्या हातात नाही.' खरं आहे, कोयती घडवणारा लोहार गिऱ्हाइकाच्या मागून फिरत नाही. पण त्याच कोयतीने स्वतःच्या घरातली माणसं कापली जात असतील, तर लोहाराने एकदा घरी येऊन बघावं! आणि त्या सोंगांना मालवणी कोणी शिकवली? ते शब्द त्यांना पुण्याच्या हवेत मिळाले नाहीत.

नंबर आजच काढून टाकशील. काढ. मी सगळं उतरवून ठेवलं आहे. २६ तारखेला माईकवर मी कंपनीचं नाव घेणार आणि तुझंही घेणार. लोकांचे भाऊ, नवरे, मुलगे मी नावानिशी उभे केले आहेत. माझा भाऊ सोडला, तर पुढे माझ्या तोंडचा एक शब्द कोणी का ऐकावा?

इथे पत्र संपवणार होते. पण एक राहिलं.

अक्काला मी सांगितलेलं नाही.

तिने त्या सगळ्यांना मैत्रीचा होकार दिला आहे. एकेकाला, बोटाने अक्षरं शोधत. म्हणाली, "विश्वेशाचेच दोस्त असतले. नायतर माझो नंबर तेंका कोण दितलो?" आणि प्रत्येकाला तिने लिहिलंय, 'जेवलंस काय रे? आमचो विश्वेश बरो आसा मां?' पलीकडून लगेच उत्तर येतं. हात जोडलेलं चित्र, आणि 'आपल्या पाठिंब्याबद्दल धन्यवाद.' प्रत्येकाचं तेच. ती मला दाखवते. "शिकलेली पोरा. बघ, किती अदबीन बोलतत."

भर सभेत तहसीलदाराला खोटारडा म्हणणारी मी, आपल्याच स्वयंपाकघरात मला तोंड उघडता आलं नाही. आई गेल्यावर जिने स्वतःच्या लग्नाचं नावही न काढता आपल्या दोघांना वाढवलं, तिला काय सांगू? की तू ज्यांना जेवलास का विचारतेस ती माणसं नाहीत? की ती तुझ्याच विश्वेशने घडवली, आणि ती दिवसभर तुझ्या विनीला शिव्या घालतात?

हे मी सांगणार नाही. तू सांगायचंस.

ग्रामसभेला ती पहिल्या रांगेत बसते, तुला माहीत आहे. ऐकू कमी येतं म्हणून. तुझं नाव तिने माईकवरून ऐकायचं की तुझ्या तोंडून, एवढंच आता तुझ्या हातात आहे. फोन कर. तुझ्या स्वतःच्या फोनवरून. 'जेवलंस काय' असं ती विचारेल, त्याचं आधी उत्तर दे. वर्षभर ती एका उत्तराची वाट बघते आहे. मग बाकीचं सांग.

पत्र लिहितेय हे बघून तिने तुला आशीर्वाद लिहायला सांगितले, म्हणून तिचे लिहिते. माझे २६ तारखेनंतर बघू.

विनीता