नव्या मैनेचा चेहरा

१२ जानेवारी, रविवार
नव्या मैनेचे फोटो आले. बघता बघता चहा निवला. निम्म्या दादरने घरच्या लेकीसारखी वापरलेली ही गाडी, आणि कंपनीने तिचा चेहराच बदलला. हेडलाइट अर्धवट मिटल्यासारखे, खालची जाळी ओठ आवळल्यासारखी. फेसबुकवर लोक पिसाळलेत. कोणी म्हणतं बोंबील, कोणी म्हणतं दाढ काढून आलेला माणूस. मला मात्र अप्पा दिसले. आमचे वडील, नोव्हेंबरात गेले. मी एखादी गोष्ट कबूल करून विसरलो की असेच बघायचे.

१४ जानेवारी, संक्रांत
ग्रुप काढला. ‘जुनी मैना, खरी मैना’. ॲडमिन मी. संध्याकाळपर्यंत शेकडो माणसं. जनतेच्या भावनेला योग्य नेतृत्व हवंच होतं.
नलूआत्याचा फोन. परळची चाळ रीडेव्हलपमेंटला चालली, मार्चअखेर खोली रिकामी करायची आहे. अप्पांची ही एकुलती बहीण, लग्न केलं नाही, गुडघे गेलेत. तिने मागितलं काहीच नाही. हीच तिची वाईट खोड. मी म्हटलं, बघू या.

१९ जानेवारी
दादर टीटीच्या सिग्नलला आरशात बघतो तर मागे नवी मैना. म्हणजे अप्पा. हॉर्न एकदाही नाही, नुसतं बघणं. सिग्नल हिरवा झाला तरी माझा पाय हलेना.
एक नोंद करून ठेवतो. बाणगंगेवर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे काही ना काही कबूल करून झाले. शेवटी मी हात जोडून म्हटलं, अप्पा, नलूआत्याला मी घरी आणीन. कावळा तत्काळ आला. गुरुजी म्हणाले, एवढंच अडकलं होतं. माझ्या मते कावळा भुकेला होता. शिवाय माझी गाडी नो पार्किंगमध्ये होती. असल्या दडपणाखाली दिलेला शब्द कितपत धरायचा?
आणणार नाही असं नाही. आणणारच आहे. आधी मागची खोली रंगवून घेऊ.

२ फेब्रुवारी
खोलीत व्यायामाची सायकल आहे. ती हलवल्याशिवाय रंग देता येत नाही. सायकल हलवण्याआधी ती वापरायला सुरुवात करावी असं ठरवलं. उद्यापासून.
ग्रुप जोरात. कंपनीला पाठवायच्या निवेदनात ‘हा चेहरा सामान्य कुटुंबाला अस्वस्थ करतो’ असं वाक्य मी स्वतः घातलं.

९ फेब्रुवारी
निषेध नोंदवायला माटुंग्याच्या शोरूममध्ये गेलो. आत तीन मैना ओळीने उभ्या. पांढरे अप्पा, राखाडी अप्पा, लाल अप्पा. तिघांचीही नजर माझ्यावर. तिथल्या रुचा नावाच्या मुलीने टेस्ट ड्राइव्ह विचारली. मी त्या तिघांकडेच बघत होतो. तोंडातून निघून गेलं, होळीनंतर नक्की आणतो. तिला वाटलं गाडीच. म्हणाली, सर, मग पाडव्याचीच डिलिव्हरी घ्या ना. आता तिचे रोज मेसेज येतात.

२३ फेब्रुवारी
ग्रुपमध्ये फितुरी. एकाने लिहिलं, उन्हात बरी दिसते, डोळ्यांना सवय होते. काढून टाकला. दुसऱ्याने लिहिलं, रंग छान आहेत. त्यालाही काढला. आणि आज उपाध्यक्ष यशोधनने स्वतः बुक केली. म्हणे दार मोठं आहे, आईला गुडघा न वाकवता बसता येतं. याला मी तत्त्वशून्यता म्हणतो.
मला सवय होत नाही. परवा भाजी घेताना पाठीत काहीतरी जाणवलं, वळलो तर फुटपाथला लागून उभी. गवार तिथेच टाकून घरी आलो.

९ मार्च
आत्याकडे गेलो. आज बोलायचंच असं ठरवून जिने चढलो. शेजारच्या कालिंदीबाई बसलेल्या. त्यांनी थेट विचारलं, आत्येक कधी नेतलस? मी डिझाइनवर बोललो. बाळबोध चेहरा असलेली गाडी आणि आताची गाडी, यावर बराच वेळ बोललो. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि डब्यात घावणे भरून दिले. निघताना दारापर्यंत आली, थांबली. मी म्हटलं, येतो.
चाळीच्या फाटकासमोर एक उभी होती. मागच्या बोळाने निघालो.

१६ मार्च
रंगारी होळीला गावी गेला तो अजून आलेला नाही. मी काय करणार?
ऋता, माझी बायको, आज फार बोलली. म्हणे खोलीला रंग नको, सायकल बाहेर काढायला हवी, ती तिने आत्ता काढली. आत्याशीही ती मागेच बोलली होती. पण आत्या म्हणते, उन्मेषने एकदा म्हणू दे. म्हणजे सगळं माझ्या एका वाक्यावर अडलंय असा तिचा समज. वाक्य तयार आहे. योग्य वेळ हवी.

२३ मार्च
मोठी बातमी. लोकांची नाराजी बघून कंपनी म्हणे पुढची जाळी बदलणार. विजय माझा. ऋता म्हणाली, आता फोन कर. घाई कशाला? पाडव्याला जाऊन आत्याला घेऊनच येतो. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आणि आता चेहराच बदलणार म्हटल्यावर अप्पांचाही प्रश्न मिटला. आज शांत झोप लागेल.

३० मार्च, पाडवा
श्रीखंड घेऊन परळला पोचलो. फाटकात नवीकोरी मैना. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. कालिंदीबाईंच्या विकासने सकाळीच डिलिव्हरी घेतलेली. डिकीत आत्याची ट्रंक.
भोईवाड्यात त्यांनी भाड्याने जागा घेतली आहे, आत्या त्यांच्याबरोबर चालली. कालिंदीबाई एवढंच म्हणाल्या होत्या म्हणे, आमच्यावांगडा चल. ही लगेच हो म्हणाली.
मी म्हटलं, अगं, मी आज न्यायलाच आलो होतो. ती म्हणाली, माहीत आहे रे, तू नेणारच होतास. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगून टाकलं, ही गाडी अप्पांसारखी दिसते, जानेवारीपासून माझ्याकडे बघतेय, जीव नकोसा झालाय. आत्याने चष्मा लावला. गाडीसमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, छे, दादा समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन बघायचा. पुन्हा गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
म्हणाली, हा तू आहेस रे.
माझ्या गालावरून हात फिरवला आणि गुडघा न वाकवता पुढच्या सीटवर बसली. विकासने गाडी काढली, लिंबं फुटली.

३१ मार्च, सोमवार
मार्च एंड, ऑफिस चालू. दाढी न करताच गेलो. आरशात बघायला वेळ नव्हता.