अर्जात लिहिलेला मृत्यू

देवबाग

दीपेशदादा,

मच्छीमारांच्या रक्तदाबावरच्या संशोधनासाठी निधी मागणारा माझा अर्ज दोनदा परत आला. 'धोका गंभीर असल्याचा पुरावा नाही,' असं त्यांनी कळवलं. आज तो तिसऱ्यांदा पाठवला. आता त्यात तुझा मृत्यू आहे.

मार्चमध्ये किनाऱ्यावर मीच तुझा दाब मोजला. एकशे नव्वद होता. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर तू हसलास, "माका काय होतला गो?" मला त्या दिवशी अर्जासाठी चाळीस जणांचा दाब मोजून पुरा करायचा होता. मी आकडा लिहून पुढच्या होडीकडे गेले. मे महिन्यात तू जाळं ओढताना कोसळलास.

तुझी माहिती वापरायला वहिनीची सही घेतली. तो आकडा मात्र तिला दाखवला नाही. सही करून तिनं माझाच हात धरला.

"तू तुझा काम केलंस गो," म्हणाली.

तुझी,
ओवी