पलंगाशेजारचं बटण

३ नोव्हेंबर, सकाळ
जॅनेलशी लग्न करून या घरात आलो त्याला वर्ष झालं. बटणं अजून तिच्या पहिल्या नवऱ्याचंच, कर्टचंच ऐकतात. पलंगाशेजारचं बटण दोनदा दाबलं की खालच्या मजल्याचे दिवे बंद. तीनदा दाबलं की बेडरूममध्ये मंद पिवळा उजेड. हा उजेड कशासाठी, विचारलं. कर्टच्या वेळचा आहे, म्हणाली आणि हसली.
मी जळत नाही. पण सगळं नव्याने प्रोग्रॅम करणार.

७ नोव्हेंबर
हरणाच्या शिकारीचा पहिला शनिवार. मिनेसोटात आज घरी बसलेला पुरुष मी एकटाच असेन. कर्टही रानात गेलाय म्हणे. मैदान मोकळं.
तीनदा दाबलं की आता गॅरेजचं दार उघडेल. मंद पिवळा कायमचा रद्द. चारदा दाबलं की सगळं घर निळं, माझ्या आवडीचं. जॅनेल खूश होईल.

८ नोव्हेंबर
जॅनेलनं झोपताना सवयीनं तीनदा दाबलं. गॅरेज रात्रभर उघडं. गाडी गारठली, सकाळी सुरूच होईना. शेजारणीच्या गाडीतून चर्चला गेलो. आधीचं काय वाईट होतं रे, असं जॅनेल मागच्या सीटवरून म्हणाली. चूक तिच्या बोटांची आहे.

११ नोव्हेंबर
तीनदा दाबलं. मंद पिवळा! मी पुन्हा गॅरेज लावलं. संध्याकाळी परत पिवळा. म्हणजे या बटणांचं फोनवरचं ऍप अजून कर्टच्या ताब्यात आहे आणि तो रानात बसून माझ्या बेडरूमचा उजेड फिरवतोय. रागानं जेवण गेलं नाही. ओव्हनमधला बटाटा-खिम्याचा हॉटडिश दुसऱ्यांदा घेतलाच नाही.

१४ नोव्हेंबर, दुपार
कर्टला फोन लावला. पुरुषासारखा बोललो. माझ्या बायकोच्या उशाशी ढवळाढवळ बंद कर, म्हणालो. तो कुजबुजत म्हणाला, अरे बाबा, मचाणावर बसलोय, समोर मोठा नर उभा आहे. मग म्हणाला, गेला. पळाला तुझ्यामुळे. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, मला ते ऍप उघडताही येत नाही. सगळं जॅनेलनंच बसवलं होतं. मला एकदा दाबता येतं, तेवढंच.
खोटं बोलतोय.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
जॅनेलला विचारलं. हो, मीच बसवलं, म्हणाली. परत पिवळाही तीच करत होती. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले, म्हणाली. एवढा शिकारीचा शनिवार घालवून बसला होतास.
मग तो मंद पिवळा कशासाठी, मी विचारलं. आवाज जरा चढला होता.
वाचायला, म्हणाली. कर्ट आडवा पडला की घोरायचा. झोप यायची नाही, मग मी वाचत बसायचे. आताही तेच करते.
आता का, विचारलं.
तिनं माझ्या उशीकडे बोट दाखवलं.
निदान त्याच्यापेक्षा कमी घोरतो ना, विचारलं. तिनं जरा विचार केला आणि नाही म्हणाली.