परतीची मोजणी बरोबर आल्याबाबत

प्रति,
मा. पायवाट अधिकारी,
निसर्ग-सहल व पायवाट कक्ष,
एच. डी. कोटे तालुका, जिल्हा म्हैसूर.

अर्जदार : के. जगन्नाथराव, व्यवसाय टेलरिंग, वय ६८, रा. विजयनगर सेकंड स्टेज, म्हैसूर.

विषय : कागेगुड्ड पायवाटेवर माझी पत्नी सौ. मालतीबाई मागे राहिली असून तिचा शोध घेण्याबाबत. तसेच रविवार दि. २३ फेब्रुवारी रोजीची ‘एक दिवस, एक डोंगर, एक पंगत’ ही सहल रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज (कन्नड). २) तिन्हींवर आपल्या कार्यालयाने दिलेले एकच उत्तर : “आत गेलेल्या व बाहेर आलेल्या व्यक्तींची संख्या समान आहे. प्रकरण बंद.”

महोदय,

१. आपण मूळचे निपाणीकडचे असून घरी मराठी बोलता, असे आपल्या कार्यालयातील शिपायाकडून समजले. म्हणून हा चौथा अर्ज मराठीत लिहीत आहे. नियमाप्रमाणे कन्नड प्रत सोबत जोडली आहे. कन्नड मला परकी नाही, जन्मापासून बाजारात तीच बोलत आलो. परंतु पुढे जे सांगायचे आहे, ते ज्या भाषेत घडले त्याच भाषेत आपल्या कानावर पडावे, अशी इच्छा आहे.

२. आम्ही म्हैसुरातील जुनी शिंपी मंडळी. एकादशीला विठ्ठलाचे भजन आणि महिन्यातून एका रविवारी दिवसाची सहल, असा आमच्या मंडळाचा क्रम आहे. सकाळी निघायचे, थोडे चालायचे, एखादे देऊळ किंवा जुना मंटप पाहायचा, घरून नेलेले जेवण पंगतीत जेवायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे. चामुंडीच्या पायऱ्या, कुक्करहळ्ळीचे तळे, श्रीरंगपट्टणाचा घाट, सगळे करून झाले होते. कागेगुड्ड नवीन होता. कबिनीच्या पाण्याकडेची वाट, वर दगडी मंटप, तिथून दिसणारे जंगल, असे आपल्याच फलकावर वाचून दि. १५ डिसेंबर रोजी आम्ही तिथे गेलो. वाट खरोखर सुरेख आहे, हे मी नाकारत नाही.

३. आमच्यातील एक रीत येथे सांगणे भाग आहे, कारण सारा घोटाळा तिच्यातच आहे. आम्ही माणसे मोजत नाही. मोजले की एखादे कमी होते, असे आमची वडीलधारी मंडळी मानत आणि आम्हीही मानतो. आम्ही केळीची पाने मोजतो. जितकी माणसे निघाली तितकी पाने आणि वर एक. ते वरचे पान उशिरा येणाऱ्या भुकेल्या माणसाचे. पंगत वाढून झाली की आमच्यातील एक बाई वाटेच्या टोकाशी जाऊन तीन वेळा हाक मारते : “कोणी उपाशी राहिलं असेल तर जेवायला या.” सहसा कोणी येत नाही. पंगत उठल्यावर एक पान तसेच राहिलेले दिसले, की आपली सगळी माणसे जेवली असे समजायचे आणि निघायचे. बापजाद्यांपासून हा हिशेब कधी चुकला नव्हता.

४. त्या दिवशी हाक मारायला मालतीबाई गेली. मंटपाच्या मागे वाट झाडीत वळते, तिथे ती उभी राहिली. मी खांबांच्या अलीकडे पुरुषांच्या पंगतीत बसलो होतो. तिच्या तिन्ही हाका मी ऐकल्या. तिसरी जरा लांबून आल्यासारखी वाटली, पण पुढ्यात बिसीबेळे भात आणि ओबट्टू होते आणि मी लक्ष दिले नाही. थोड्या वेळाने डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई झाडीतून आली आणि बायकांच्या पंगतीच्या टोकाला बसली. थंडीसाठी मंडळातल्या सगळ्या बायकांना मी कापडाच्या एकाच ताग्यातून शाली शिवून दिल्या होत्या. शाल पाहून मी मनात म्हटले, आली. मी पुन्हा भाताकडे वळलो.

५. पंगत उठली तेव्हा एक पान जसेच्या तसे राहिले होते. सर्वांचे समाधान झाले. ते पान रीतीप्रमाणे उचलून खडकावर ठेवले. डोंगराचे नावच कागेगुड्ड, म्हणजे कावळ्यांचा डोंगर. चढताना कावळ्यांनी आमच्या पिशव्यांचा पिच्छा सोडला नव्हता, त्या पानाला मात्र एकही शिवला नाही. आम्ही भांडी आवरून खाली उतरलो. फाटकावर आपल्या पहारेकऱ्याने हातातले यंत्र दाबत माणसे मोजली. जितकी आत गेली तितकी बाहेर आली. बरोबर आहे, असे तो म्हणाला आणि आम्ही गाडीत बसलो.

६. मी ड्रायव्हरशेजारी होतो. बायका मागे होत्या, बहुतेक पेंगत होत्या. येताना हुणसूरच्या रस्त्याने आलो, कारण येलवालच्या हॉटेलातील कॉफी सर्वांना आवडते. तिथे गाडी थांबली, मी कॉफीचे पेले वाटण्यात गुंतलो. विजयनगरला पोचून सगळे उतरले, तेव्हा मालतीबाई त्यांच्यात नव्हती. मागच्या सीटवर तिची शाल घडी करून ठेवलेली होती. तिच्या शालीची कड मी मुद्दाम हिरव्या दोऱ्याने शिवली होती, त्यामुळे चूक होणे शक्य नाही. तिची पिशवी आणि मोबाईलही गाडीतच होते.

७. त्या बाईच्या शेजारी आमच्या मंडळातील श्रीमती वेदवती जेवायला बसल्या होत्या. त्यांनी मला जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो : “जगन्नाथण्णा, मालतीक्का हाक मारायला गेली नव्हं? मागनं ही बाई येऊन बसली. मालतीक्कानंच धाडलंय म्हणून समजलं मी. जेवण-ऊट बरं झालं का विचारलं, तर नुसती मान हलवली, अष्टे, बस्स. मीठ तेवढं परत परत मागून घेतलं, तेही हातानं दाखवून.” मालतीबाई खांबापलीकडे बसली असेल असे वेदवतींना वाटले. मला ती वेदवतींजवळ बसली आहे असे वाटले. म्हणजे जास्तीच्या पानावर ती बाई जेवली, आणि जे पान राहिले ते माझ्या बायकोचे होते. ती उपाशी होती आणि आम्ही ढेकर देत डोंगर उतरलो. हे वाक्य मी रोज स्वतःशी म्हणतो आणि रोज मला ते सहन होत नाही.

८. पोलिसांनी तक्रार घेतली, त्याबद्दल मी आभारी आहे. येलवालच्या हॉटेलच्या कॅमेऱ्यात गाडीतून उतरून रस्त्याने चालत जाणारी एक बाई पाठमोरी दिसते. ही तुमची पत्नी का, असे विचारले. मी नाही म्हणालो. मालतीबाईचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, लग्नापासून तिची पोलकी मी तशीच बेतत आलो आहे. चित्रातील बाईचे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत, इतके एका रेषेत की जिवंत माणसाचे मी तसे पाहिलेले नाहीत. यावर कागदावर ‘पती संभ्रमित’ असे लिहिले गेले आणि शोध येलवालमध्ये सुरू झाला. तो तिथेच संपला. चेहरा एकाही कॅमेऱ्यात नाही. वेदवतींनाही आठवत नाही, आणि त्या तर तिच्या मांडीला मांडी लावून जेवल्या.

९. आपल्या कार्यालयात मी प्रत्येक वेळी हेच विनवले की डोंगर शोधा. उत्तर असे मिळाले, की मोजणी कमी भरल्याशिवाय शोधाचा आदेश निघत नाही, आणि आदेशाशिवाय मंटपामागच्या कुंपणापलीकडे कोणालाही जाता येत नाही. बाहेर आलेली बाई दुसरीच होती, असे मी सांगितले. त्यावर आपल्या लिपिकांनी अत्यंत सभ्यपणे विचारले, की मग ती आत गेल्याची नोंद कुठे आहे? आत न गेलेले माणूस बाहेर कसे येईल? मला वाटते या प्रश्नाचे उत्तर आपल्या कार्यालयाने शोधायला हवे होते. ज्या डोंगरातून जास्तीचे माणूस बाहेर येते, त्याचे फाटक दुसऱ्या दिवशी उघडायला माझा तरी हात धजला नसता.

१०. तेव्हापासून तिकीट काढून मी आठवड्यातून दोनदा मंटपापर्यंत जातो. दुपारी जेवणाच्या वेळेला कुंपणापलीकडून हाक येते. तीच हाक, तीन वेळा, मालतीबाईच्या आवाजात. पहारेकरी प्रथम मोर आहे म्हणाला. आता त्या वेळी तो रेडिओ लावतो. एकदा माझी मुलगी दीपश्री बेंगळूरुहून आली होती. हाक ऐकताच ती म्हणाली, “अप्पा, आईच आहे ही,” आणि कुंपणावर चढू लागली. तिला मी आणि पहारेकऱ्याने मिळून धरले. मुलीचा ओरखडलेला तळवा मी धुतला आणि तिला पुन्हा तिथे आणले नाही.

११. आता आपल्या कक्षाचे नवे माहितीपत्रक प्रसिद्ध झाले आहे. रविवारी उद्घाटन आहे. चालणे, वारसा आणि रुचकर भोजन असा बेत आहे आणि शंभर लोकांची सोय केली आहे. पत्रकाच्या तिसऱ्या पानावर असे छापले आहे, की मंटपापाशी दुपारी ‘अद्भुत प्रतिध्वनी’ ऐकू येतो आणि पर्यटकांनी त्याला साद देऊन आनंद घ्यावा. महोदय, प्रतिध्वनीच्या आधी कोणीतरी ओरडावे लागते. तिथे आधी कोणी ओरडत नाही. आणि कोटे तालुक्यातील डोंगराने मराठीत प्रतिध्वनी देण्याचे कारण काय, हे आपल्या छपाई विभागाने एकदा तरी स्वतःला विचारायला हवे होते. माझ्या बायकोच्या हाकेला आपण बघण्याच्या स्थळांत घातले आहे. मला याचा संताप आला आणि अजून आहे.

१२. संतापापेक्षा मोठे कारण पुढे देतो. गेल्या शुक्रवारी मी मंटपात एकटाच होतो. हाक आली, पण जेवायला या अशी नव्हती. माझे नाव घेऊन होती. “जगन्नाथ,” असे तीनदा स्पष्ट ऐकू आले. आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षे झाली. मालतीबाईने आजवर माझे नाव घेतलेले नाही. देवळात, दवाखान्यात, बँकेत, कोणी विचारले तर ती माझ्याकडे बोट दाखवते. लग्नातही उखाणा न घेता पळून गेली होती. म्हणजे एक तर ती अशा अवस्थेत आहे की जन्माची लाज तिने सोडली, किंवा तिच्याकडून माझे नाव कोणीतरी काढून घेतले आहे. यांतले काय खरे, ते मला कळत नाही. दोन्हींची मला भीती वाटते. हे मी मुलीला सांगितलेले नाही. आपल्यालाच प्रथम सांगत आहे.

१३. म्हणून विनंती, की रविवारची सहल रद्द करावी. शंभर माणसांची पंगत त्या मंटपात बसवू नये. बसवलीच तर एकही पान जास्तीचे मांडू नये, आणि त्या हाकेला कोणीही, गमतीनेसुद्धा, ओ देऊ नये.

१४. सहल रद्द होणार नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे. त्यामुळे पुढील गोष्ट आगाऊ कळवतो. रविवारच्या सहलीचे एक तिकीट मी रीतसर काढले आहे. फाटकावर माझी मोजणी होऊ देईन आणि इतरांबरोबर आत जाईन. दुपारी हाक आली की मी कुंपण ओलांडणार आहे. ती मालतीबाई असेल तर मला गेलेच पाहिजे. ती नसेल, तरी मालतीबाई कुठे आहे हे त्या हाक मारणाऱ्यालाच ठाऊक आहे. संध्याकाळी मी बाहेर येणार नाही. आपली मोजणी एकाने कमी भरेल आणि आपल्याच नियमाने शोधाचा आदेश काढावा लागेल. दुसरा मार्ग मला आपल्या कार्यालयाने ठेवलेला नाही. मी सापडलो तर कृपया तिथे थांबू नये. मी हरवलेला नाही, मी बायकोला आणायला गेलो आहे. तिच्यापर्यंत पोचल्याशिवाय शोध पुरा झाला असे धरू नये.

१५. शेवटची विनंती. रविवारी संध्याकाळी मी आत असतानाही मोजणी बरोबर आली, तर त्यावर समाधान मानू नये. गाड्या सोडण्यापूर्वी, डोक्यावरचे पदर आणि शाली दूर करायला लावून, प्रत्येकाचा चेहरा आपण स्वतः पाहावा.

उत्तराची वाट पाहायला वेळ नसलेला, आपला नम्र,

(सही)
के. जगन्नाथराव
म्हैसूर, दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) अर्जाची कन्नड प्रत.
२) रविवारच्या तिकिटाची प्रत.
३) सौ. मालतीबाई यांचे छायाचित्र.
४) अर्जदाराचे स्वतःचे छायाचित्र, समोरून, याच आठवड्यात काढलेले. रविवारी माझ्या नावाने कोणी बाहेर आल्यास पडताळून पाहण्यासाठी.